जाळ्यांच्या बेटावर आई

आई एप्रिलच्या शेवटी आमच्याकडे इटलीत ब्रेशाला आली, तेव्हा कुठे कुठे न्यायचं याची यादी तयार होती. यादीत सगळ्यात वर कोमो. २०१८ मध्ये दीपिका-रणवीरचं लग्न कोमोच्या काठावर लागलं, तेव्हापासून आमच्याकडे भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना इटलीतलं हे एकच सरोवर माहीत असतं. आईलाही विरारच्या शेजारणींनी तेच नाव पाठ करून पाठवलं होतं.

पण पहिल्या दोन आठवड्यांत आई गप्प गप्प झाली. ती अडुसष्ट वर्षांची आहे. गुडघे दुखतात, पण एका जागी बसून राहणं तिला जमत नाही. आमचं घर चौथ्या मजल्यावर. ती गॅलरीत उभी राहून खालचा रस्ता बघायची. एकदा म्हणाली, "इथं कसलाच वास येत नाही गो."

या वाक्याचा एक धागा माझ्यापर्यंत येत होता आणि तो मला बोचत होता. आईने येताना सुके बोंबील आणले होते. युरोपात दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, मासळी मात्र ठरावीक वजनापर्यंत चालते. हे आधी नीट वाचून मीच तिला आणायला सांगितलं होतं. आल्या दुसऱ्याच दिवशी तिने गॅसवर चार बोंबील भाजले. जिन्यात वास गेला, शेजारच्या घराची दारं-खिडक्या धाडधाड लागल्या आणि मी आईला म्हणाले, "आई, इथे नको भाजूस." ती काही बोलली नाही. पिशवी बांधून तिने कपाटात अगदी मागे सरकवून ठेवली.

आम्ही कोमो रद्द केलं. ब्रेशाहून जवळचं सरोवर म्हणजे इझेओ. नवऱ्याच्या कारखान्यातल्या एका जुन्या फोरमनने सांगितलं, आईला घेऊन जाताय तर मोन्ते ईझोलाला जा, तिथे गाड्या नाहीत. सरोवराच्या मधोमध डोंगरासारखं वर आलेलं हे बेट. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १८६ मीटरवर आणि बेटाचा माथा ६०० मीटरवर. म्हणजे पाण्यातून चारशे मीटरहून जास्त उंच उभा राहिलेला डोंगर, आणि त्याच्या पायाशी आणि उतारावर छोट्या छोट्या वाड्या. वस्ती दोन हजारांच्या आत.

नवऱ्याने आधी तीन गावांचा बेत आखला होता. सकाळी इझेओ, दुपारी मोन्ते ईझोला, संध्याकाळी बोटीने सरोवराच्या वरच्या टोकाला लोवेरे. कागदावर तो बसतही होता. पण सरोवराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या बोटी मोजक्या असतात. एक चुकली की पुढचं सगळंच ढासळतं, आणि मग दिवसभर घड्याळ बघत आईला "चल, चल" म्हणत राहावं लागतं. मी लोवेरे खोडलं, मग इझेओही खोडलं. म्हातारं माणूस आणि सात वर्षांचं मूल बरोबर असेल तर एका दिवसात एकच गाव, हे मी आता कुणालाही ठासून सांगते.

मे महिन्यातला शनिवार होता. ब्रेशा-इझेओ-एदोलो ही जुनी एकपदरी लाइन आहे, विजेच्या तारा नसलेली. त्यामुळे गाडी डिझेलची, छोटी. तिकिटं स्टेशनवरच्या यंत्रातून काढली. कागदी तिकीट हातात आलं म्हणजे काम झालं असं नाही. फलाटावरच्या लहानशा पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो. आईच्या तिकिटावर शिक्का मारायचं काम लेकीने हट्टाने स्वतःकडे घेतलं.

गाडी शहर सोडून फ्रांचाकोर्तात शिरली की दोन्ही बाजूंना द्राक्षमळे सुरू होतात. इथली फेसाळती वाइन इटलीभर नावाजलेली. आईला वाइनशी देणंघेणं नव्हतं, पण वेलींना आधार द्यायला रांगेने ठोकलेले खांब बघून तिने मान हलवली. प्रोवाल्योच्या पुढे एकदम दलदलीचा भाग लागतो. पूर्वी इथून जळणासाठी पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणून काढायचे. खणलेल्या जागी पाणी भरलं, बोरू वाढला आणि आता तिथे पाखरांसाठी राखीव क्षेत्र आहे. वरच्या बाजूला सान पिएत्रोचा मठ दिसतो, ११व्या शतकात फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठाला दान मिळालेला. या मठवासीयांचा पुढे आमच्या दिवसाशी संबंध येणार आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

इझेओ स्टेशन गेलं आणि डावीकडे पाणी दिसायला लागलं. जाताना डाव्या खिडकीशीच बसा. उजवीकडे बसाल तर डोंगराच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. आई खिडकीशी होती. तिने काचेला नाक लावलं. पाणी निळं नव्हतं, सकाळचं ते हिरवट करडं होतं, आणि पलीकडे बेटाचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला.

सुल्झानोला उतरून उतारावरून पाच-सात मिनिटांत धक्का येतो. तिथल्या खिडकीवर परतीसकट बोटीचं तिकीट मिळतं. ही बोट पर्यटकांची मौज म्हणून सुरू झालेली नाही, बेटावरच्या माणसांची ती रोजची एसटी आहे. दिवसा दर पंधरा-वीस मिनिटांनी सुटते आणि रात्रीही चालू असते. कामाला जाणारे, शाळेत जाणारे, पिशव्या घेऊन आलेल्या आजीबाई असे सगळे तिच्यात. आमच्या फेरीला एक म्हातारे गृहस्थ कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं घेऊन चढले.

आईने एवढंच विचारलं, "भरती कधीची आहे?"

इथे भरती-ओहोटी नाही, बोट ठरल्या वेळेला सुटते, असं मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. आईचं माहेर अर्णाळा किल्ला. विरारच्या पश्चिमेला अर्णाळ्याच्या किनाऱ्यासमोरचं बेट, तिथेही गाड्या नाहीत. तिच्या लहानपणी भरती-ओहोटी बघून होडी सुटायची, धक्का नव्हता, आणि होडीपर्यंत गुडघाभर, कधी कमरेइतक्या पाण्यातून चालत जावं लागायचं. बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन, लुगडं वर खोचून पाण्यात उतरायच्या. बेटावर वीज नव्हती. आजारी माणसाला रात्री पलीकडे न्यायचं तर आधी पाणी किती आहे ते बघावं लागे. हे सगळं मी अर्धवट ऐकलेलं होतं. त्या बोटीत आईने ते पहिल्यांदा सलग सांगितलं, आणि मधे मधे थांबून लेकीला विचारत राहिली, "समजलं का?"

पाच-सात मिनिटांत पेस्किएरा माराल्यो आलं. खलाशाने फळी टाकली, आईचा हात धरला, आणि तिचे पाय कोरडेच राहिले. उतरल्या उतरल्या ती धक्क्याच्या पायरीवर वाकली, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली.

"गोडं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "गोड्या पाण्यातलं बेट. मग पिण्याच्या पाण्याचा तरास नसेल यांना."

गाव अगदी लहान. पाण्याला लागून दगडी घरं, दोन माणसं शेजारी शेजारी जेमतेम चालतील अशा बोळी, कमानींखालून जाणाऱ्या पायऱ्या. मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिका आणि अशाच एक-दोन गरजेच्या गाड्या तेवढ्या बेटावर असतात. रहिवासी दुचाकी वापरतात. सामान वाहायला असतात तीनचाकी. वळणावर तशी एक समोर आली, निळसर, मागे भाजीचे खोके. आई एकदम थांबली. "ही तर आपली टमटम!"

खरोखर आपलीच. नाव आपे. इटालियनमध्ये 'आपे' म्हणजे मधमाशी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये पिआज्यो कंपनीने ही गाडी इथे बाजारात आणली, आणि आज ती बारामतीच्या कारखान्यात तयार होते. लहानपणी गावोगाव तिच्यात कोंबून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, पण नावाचा अर्थ मला इटलीत येईपर्यंत माहीत नव्हता. बारामतीचं नाव ऐकल्यावर आईने गाडीच्या टपावर हात ठेवला आणि ड्रायव्हरला मराठीत "बरी आहे ना?" असं विचारलं. त्याने हसून मान हलवली.

पुढच्या बोळीत आम्हाला जाळी दिसली. एका तळमजल्याच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंतीला, छताला, टेबलावर जाळीच जाळी. पांढरी, हिरवी, काळी. फुटबॉलच्या गोलाची, झोपाळ्याची, मासेमारीची. मोन्ते ईझोला हे जाळी विणणाऱ्यांचं बेट आहे, हे वाचलेलं होतं. ११व्या शतकात क्लुनीच्या मठवासीयांना मासळी लागायची, तेव्हापासून इथे जाळी विणली जातात असं बेटावरचे लोक सांगतात. पुढे कारखाने निघाले, यंत्रं आली, नायलॉन आलं. मासेमारीची मागणी घटली तशी खेळांची जाळी आली. आता हे काम करणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात.

खोलीत आईच्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. भिंतीतल्या खिळ्याला जाळ्याचं टोक अडकवलेलं, डाव्या हातात मापाची पट्टी, उजव्या हातात सुई. आई दारातच उभी राहिली. मला वाटलं, आत यायला संकोचतेय. पण ती त्या बाईंच्या हातांकडे बघत होती.

"विचार त्यांना," ती म्हणाली, "आस केवढी ठेवलीय."

इथे माझं इटालियन तोकडं पडलं. दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या सभेत भागेल एवढं मला येतं. जाळ्याची आस मला मराठीतसुद्धा नीट माहीत नव्हती. म्हणून मी लेकीला पुढे केलं. ती इथल्या शाळेत जाते, तिचं इटालियन माझ्यापेक्षा कितीतरी पक्कं आहे आणि मराठी थोडं डळमळीत. तिने बोट दाखवून काहीतरी विचारलं. बाईंनी उत्तर दिलं. लेक आजीकडे वळली आणि गंभीरपणे म्हणाली, "आजी, त्या म्हणतात स्वेटर चार सेंटिमीटरचा आहे."

आई गोंधळली. मला क्षणभराने उलगडा झाला. 'माल्या' हा इटालियन शब्द. जाळ्याच्या एका डोळ्याला तोच शब्द आणि विणलेल्या कपड्यालाही तोच. लेकीला त्यातला घरात ऐकलेला अर्थ ठाऊक होता. मी समजावलं तेव्हा आई म्हणाली, "मग बरोबरच आहे की. जाळं पण स्वेटरसारखं विणतात." आणि लेकीला तिने जाळ्याचा एक चौकोन दोन बोटांत धरून दाखवला. "ही आस. लहान आस ठेवली की पिल्लं पण अडकतात. मोठी ठेवली की पिल्लं निसटतात, मोठा मासा राहतो." लेकीने हे त्या बाईंना सांगितलं. बाईंनी पट्टी खाली ठेवली आणि पहिल्यांदा नीट वर पाहिलं.

पुढचा सव्वा तास आम्ही त्या खोलीतून हललो नाही. मी नवऱ्याला म्हटलं, तू वर जाऊन ये. बेटावर एक छोटी बस आहे, ती वरच्या कूरे नावाच्या वाडीपर्यंत जाते. तिथून चढण चढून माथ्यावरच्या चेरिओलाच्या मातेच्या देवळात जाता येतं. तो एकटाच गेला. मलाही जायचं होतं, खोटं कशाला बोलू. वरून सगळं सरोवर दिसतं, दोन्ही बाजूंची लहान बेटं दिसतात. पण खाली जे चाललं होतं ते सोडवत नव्हतं.

आईने सुई मागितली. सुई म्हणजे वीतभर लांबीची चपटी पट्टी, एका टोकाला निमुळती, पोटात एक जीभ कोरलेली. तिच्यात आधी दोरा भरावा लागतो. जिभेला दोरा अडकवायचा, खालच्या खाचेतून घ्यायचा, सुई उलटी करायची, पुन्हा जिभेला, पुन्हा खाली. हे भराभर करत राहायचं. आईने ते केलं, न बघता. तिचे हात इतके पटकन चालले की लेक तोंड उघडं ठेवून बघत राहिली. पन्नास-पंचावन्न वर्षांनी सुई हातात घेतली होती तिने.

बाईंनी भरलेली सुई तपासली, दोरा ओढून पाहिला आणि खूण केली, आता विण.

आईने मान हलवली. "मला विणता येत नाही."

मला खरं वाटेना. कोळ्याची मुलगी, आणि जाळं विणता येत नाही? आई म्हणाली, आमच्याकडे जाळं विणणं पुरुषांचं. बाबा विणायचे, काका विणायचे, पावसात दर्या बंद असला की घराघरातून तेच काम. मुलांनी सुया भरून द्यायच्या, बाबांची सुई रिकामी व्हायच्या आत दुसरी तयार ठेवायची. एवढंच तिचं काम होतं. बायकांचं काम मासळी वाळवणं आणि विकणं.

लेकीने हे जमेल तसं इटालियनमध्ये सांगितलं. त्या बाई हसायला लागल्या आणि हाताने उलटसुलट खूण केली. इथे नेमकं उलटं. पुरुष होडी घेऊन पाण्यात, आणि जाळी विणायच्या बायका. त्यांच्या आईच्या काळात प्रत्येक दाराबाहेर भिंतीत खिळा असायचा. कारखान्यातून दोरा घरी यायचा, बायका स्वयंपाक-पोरं सांभाळून विणायच्या आणि जाळ्यामागे ठरलेले पैसे मिळायचे. मुली शाळेतून आल्या की त्यांनाही बसवायचे. "सुया भरायला," लेकीने भाषांतर केलं, आणि दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून मान डोलवायला लागल्या.

मग बाईंनी आईला गाठ शिकवली. पट्टीवरून दोरा घ्यायचा, वरच्या आसेतून सुई खालून वर काढायची, अंगठ्याने दाबायचं, मागून फिरवून ओढायचं. पहिल्या तीन गाठी सरकल्या. चौथी बसली. आईने एकूण दोन ओळी विणल्या असतील. मी मोबाइल काढला होता, पण दोनच फोटो काढून ठेवून दिला.

नवरा परत आला तेव्हा घामाघूम होता. देवळातली लाकडी मूर्ती, खालचं पाणी, दक्षिणेला सान पाओलोचं छोटं बेट असं तो भरभरून सांगत होता. सान पाओलोचं नाव निघालं तसं त्या बाईंनी भिंतीवरचा एक फोटो दाखवला. २०१६च्या जून-जुलैमध्ये क्रिस्टो या कलाकाराने सुल्झानोपासून इथपर्यंत आणि इथून सान पाओलोभोवती पाण्यावर तरंगता रस्ता केला होता, झगझगीत पिवळ्या कापडाचा. सोळा दिवस माणसं पाण्यावरून चालत बेटावर आली, दहा लाखांहून जास्त. तिकीट नव्हतं. नंतर सगळं काढून नेलं. आईने फोटो जवळ घेऊन पाहिला. "जेजुरीत भंडारा उधळल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

निघताना मी जाळ्याचा एक छोटा झोपाळा विकत घेतला. पैसे दिल्यावर बाईंनी आईने भरलेली सुई, दोऱ्यासकट, तिच्या हातात ठेवली.

जेवायला उशीर करू नका. इथली खानावळींची स्वयंपाकघरं अडीचच्या सुमाराला बंद होतात, मग संध्याकाळपर्यंत थंड पदार्थांवर भागवावं लागतं. आम्ही दोनला दहा मिनिटं असताना पाण्याकाठच्या एका खानावळीत बसलो. बिलात माणशी 'कोपेर्तो' म्हणून दोन-तीन युरो जास्तीचे लागतात, ते पाव आणि मांडामांडीचे. ही फसवणूक नव्हे, इथली रीत आहे.

आणि खानावळीच्या बाजूच्या पडवीत मासळी वाळत होती.

फांद्या वाकवून कमानी केलेल्या, त्यांच्यावर ओळीने टांगलेले वीतभर लांब चंदेरी मासे. इथे याला सार्दीना म्हणतात, पण ती समुद्रातली तारली नाही. सरोवरात राहणारा आगोने नावाचा मासा, आपल्या पाला माशाच्या, म्हणजे हिल्साच्या, जवळच्या गोतातला. पोट साफ करून दोन दिवस मिठात ठेवतात, मग वाऱ्या-उन्हात कित्येक दिवस वाळवतात, नंतर डब्यात दाबून भरतात आणि वर ऑलिव्हचं तेल ओततात. तसे ते महिनोन् महिने टिकतात. ही जुनी पद्धत मरू नये म्हणून पारंपरिक खाणं जपणाऱ्या स्लो फूड चळवळीने तिला आपल्या संरक्षित यादीत घेतलं आहे.

आई त्या कमानींखाली जाऊन उभी राहिली. तिने डोळे मिटले आणि श्वास घेतला. बाजूच्या टेबलांवर माणसं जेवत होती, लहान मुलं होती, पांढरे टेबलक्लॉथ होते. कुणी नाक मुरडत नव्हतं. एक बाई तर त्या माशांचा फोटो काढत होती.

माझ्या घशात आवंढा आला. मी उठून आईजवळ गेले. काय बोलावं कळेना. तीच म्हणाली, "मीठ लावून वाळवतात, म्हणून वास कमी. आपला बोंबील बिनमिठाचा. बांबूच्या वलांडीवर दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगायचे. पाऊस आला की धावायचं." मग जरा थांबून, "यांच्याकडे पण म्हातारी माणसंच करत असतील हे."

आम्ही तेच मागवलं. निखाऱ्यावर भाजून, वर तेल, बारीक चिरलेली लसूण आणि पार्सली, सोबत पोलेंता. पोलेंता म्हणजे मक्याचं पीठ पाण्यात ढवळून ढवळून शिजवलेलं. आईने एक घास घेऊन ठरवलं, ही मक्याची उकड. मासा तिला सुक्या बांगड्याच्या जवळचा वाटला. तेलकट, दाट चवीचा, खारट पण बेताचा. बोंबलासारखा कुरकुरीत नाही. "तिखट पाहिजे होतं," एवढीच तिची तक्रार. ताट तिने चाटूनपुसून संपवलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

जेवणानंतर पाण्याकाठाने सेन्सोलेपर्यंत चाललो. हा बेटाच्या दक्षिणेकडचा सपाट रस्ता आहे, एका बाजूला ऑलिव्हची झाडं, दुसऱ्या बाजूला पाणी. म्हाताऱ्या माणसांसाठी बेटावर याहून बरी वाट नाही. बाकडी आहेत, चढ जवळपास नाही. अख्ख्या बेटाला फेरी मारायची तर नऊ किलोमीटर होतात, तो नाद आम्ही केला नाही. आई हळूहळू चालत होती, सुई हातातच. वाटेत काठाशी बांधलेल्या लाकडी होड्या होत्या, टोकदार नाळेच्या, अरुंद, इथल्या बोलीत त्यांना 'नाएत' म्हणतात. प्रत्येक होडीपाशी थांबून आई ती कशी बांधलीय ते बघायची. लेकीने तिला विचारलं, "आजी, तुझ्या बाबांची बोट कुठेय?" आई म्हणाली, "फुटली. तिची लाकडं चुलीत गेली." लेकीने बराच वेळ यावर विचार केला.

परतीचं मात्र बिनसलं. सुल्झानोला आलो तर आमची गाडी रद्द झालेली होती. फलकावर फक्त दोन शब्द, कारण काहीच नाही. पुढची तासाभराने. अशा वेळी सोबत पाणी आणि खायला काहीतरी असलं पाहिजे, कारण छोट्या स्टेशनांवर साधी चहाची टपरीही नसते. लेक माझ्या मांडीवर झोपली. नवऱ्याने धक्क्यावर जाऊन आइसक्रीम आणलं, तोवर ते अर्धं वितळलं होतं. आई बाकावर बसून झोपाळ्याच्या जाळ्याची एक बाजू उलगडून गाठी मोजत होती. उन्हं कलली तसा बेटाचा डोंगर जांभळा झाला आणि पेस्किएराचे दिवे एक एक करून लागले.

घरी पोचायला साडेनऊ वाजले. लेकीला अंथरुणावर टाकलं आणि मी कपाट उघडलं. मागे ढकललेली बोंबलाची पिशवी काढून आईसमोर ठेवली.

"वास जाईल जिन्यात," आई म्हणाली.

"जाऊ दे."

तिने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि सहा बोंबील भाजले. मी तांदूळ लावला. शेजारच्या घराचं दार लागल्याचा आवाज आला की नाही, माझं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात जाऊन, माझी आई आली आहे, थोडे दिवस आमच्याकडे वाळवलेली मासळी भाजली जाईल, असं सांगून आले. बाई म्हणाल्या, त्यांच्या आजीकडेही तळघरात असे मासे असायचे.

रविवारी आईने अर्णाळ्याला मामाला फोन लावला. स्पीकर चालू होता. तिने बोट, गोडं पाणी, टमटम, जाळी, सगळं सांगितलं. "इथं बायका जाळी विणतात रे."

"बायका?" मामाचा विश्वास बसेना. "आणि पुरुष काय करतात?"

"मासे मारतात."

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "मग विकतं कोण?"

आईने माझ्याकडे पाहिलं. आम्ही हे विचारलंच नव्हतं.